अडतीस नंबरची तेरावी फेरी

लोअर हट
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

ती. राजाराममामा,

नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज केले तर ते मुग्धाताई आधी वाचते, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागदावर लिहितो आहे. टपाल आता आठवड्यातले मोजकेच दिवस येतं. उत्तराला उशीर झाला तर मी काळजी करणार नाही. म्हणजे करीन, पण कळवणार नाही.

काल मानुका बेंडच्या ट्रॅकवर गाड्यांच्या शर्यतींच्या हंगामाचा पहिला दिवस होता. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात म्हणून मनोऱ्यावरच्या खोलीत तुमच्याच स्टुलावर बसलो. इशिता शेजारी होती. ती काचेतून बघून रेषेवरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर सांगते आणि मी मान वर न करता लिहितो, तुम्ही शिकवलं तसंच. फेऱ्या आता मशीन मोजतं, पण हाताचा कागद हवाच हा नियम क्लबने ठेवला आहे. डिप्लोमा अर्धवट सोडल्यापासून कोणी माझ्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम. ते हातचं जाऊ नये म्हणून रकाने आदल्या दिवशी पट्टीने आखून नेले होते.

आता खरी बातमी. आपल्या वेकाज संघाने पामर्स्टन नॉर्थच्या क्लबमधून टेस मॅकआर्डलला घेतलं आहे. वय तेवीस. संघातल्या चार गाड्यांपैकी पळणारी गाडी तिची. यावर चिप्सच्या गाडीपुढे जी चर्चा झाली ती तुम्ही ऐकायला हवी होती. एक आजोबा म्हणाले, "पोरगी पळेल झकास, पण समोरच्यांना धडका देऊन तिची वाट मोकळी कोण करणार? माझी बायको?" त्यांची बायको मागेच उभी होती. ती म्हणाली, "गेल्या वर्षीच्या तुमच्या दोघा अडवणाऱ्यांपेक्षा बरी करीन." सगळे हसले. पण माणसं खूश आहेत. १ फेब्रुवारीच्या संघांच्या स्पर्धेत यंदा आपण निदान शेवटच्या चारांत जाऊ असं बहुतेकांना वाटतं. टेसने वडिलांचा ३८ नंबर मागितला आहे. त्यांच्या मागे तो कोणालाच दिलेला नाही ना? समिती जानेवारीत ठरवेल. तोपर्यंत ती ६१ वर चालवते आहे.

तुमचं मत कळवा. इथे सगळे अजून तुमच्या मताची आठवण काढतात.

ता. क. माझ्याकडून एक चूक झाली. चौथ्या शर्यतीच्या कागदावर एका गाडीचा नंबर जास्तीचा लिहिला गेला. ती गाडी काल ट्रॅकवर नव्हतीच. मशीनचा निकाल वेगळा असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. तुमचं असं कधी झालं होतं का?

तुमचा,
शुभंकर

*

रिकार्टन
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

चि. शुभंकर,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. अक्षर बघून बरं वाटलं. इथे दिवसभर मुग्धा माझ्याशी तोंड मोठं मोठं करून बोलते, जणू मी बहिरा नसून बालवाडीत आहे. वीस वर्षं इंजिनांच्या आवाजात बसल्याचं हे बक्षीस.

मत विचारलंस म्हणून सांगतो. त्या मुलीला घ्यायला नको होतं. पळणाऱ्या गाड्या आपल्याकडे आहेत, दुष्काळ अडवणाऱ्यांचा आहे. दुसरं, पामर्स्टन नॉर्थचा ट्रॅक रुंद, आपला अरुंद, आणि आपलं दुसरं वळण माहीत नसलेल्याला खातं. तिसरं, बापाच्या ट्रॅकवर पोरांनी येऊ नये. डोकं थाऱ्यावर राहत नाही. समितीतल्या कोणाशी तुझं बोलणं होत असेल तर त्यांच्या कानावर घाल, की राजाराम म्हणतो तिला परत पाठवा. निदान ३८ तरी देऊ नका. तो नंबर बाजूला ठेवला आहे तो उगाच नाही.

चुकीचं काही मनावर घेऊ नकोस. पाणी पीत जा. इशिताला गप्पा कमी मारायला सांग. दमयंती आणि मी पंधरा वर्षं बसलो, ती सांगायची आणि मी लिहायचो, आणि आमच्यात नंबरांखेरीज एक शब्द होत नसे. लोक म्हणायचे, घरी तरी बोलता का?

जास्तीचा नंबर कोणता होता, ते तू लिहिलं नाहीस.

राजाराममामा

*

लोअर हट
मंगळवार, ११ नोव्हेंबर

ती. मामा,

तुमची तिन्ही कारणं समितीच्या सेक्रेटरींना सांगितली. ते म्हणाले, "राजाराम इज अ लेजंड, पण ती गाडी चालवते ते त्याने कुठे बघितलंय?" इतकं बारीक तुम्हीच बघू शकता हे मला माहीत आहे.

नंबर ३८ होता. मुद्दाम लिहिला नव्हता. तुम्ही हसाल अशी भीती वाटली.

परवाच्या रविवारी पुन्हा तसंच झालं. आता नीट क्रमाने सांगतो. शर्यत बारा फेऱ्यांची होती. मी बारा रकाने आखले होते आणि बारा भरले. झेंडा पडला. त्यानंतर गाड्या हळू एक फेरी मारून आत येतात. ती मोजायची नसते, म्हणून मी पेनाला टोपण लावलं. हे मला पक्कं आठवतं, कारण मी ते दर वेळी लावतो आणि दर वेळी तपासतो. खाली पाहिलं तर आखलेल्या चौकटीबाहेर, जिथे तेरावा रकाना आला असता तिथे, ३८ लिहिलेलं होतं. देवनागरीत. अक्षर माझं. आठाची शेपटी मी वर वळवतो, तशीच वळवलेली. ट्रॅकवर मी नंबर इंग्रजीतच लिहितो, कारण पुढे ते कागद इथल्या लोकांना वाचायचे असतात.

आणि मामा, मी ते ऐकलं होतं. कोणीतरी माझ्या डाव्या कानाशी "अडतीस" म्हणालं. बाईचा आवाज होता. घाई नव्हती. भाजी निवडताना बोलावं तसा. इशिता उजवीकडे बसते. तिला मराठी कळतं, पण ती इथेच जन्मली, नंबर इंग्रजीत सांगते, आणि अडतीस म्हणजे किती हे तिला मलाच सांगावं लागलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "यू ओके, शुभ? दिवसभर काही खाल्लंयस ना?" मी हो म्हटलं. खाल्लं नव्हतं.

दोन्ही वेळा टेस त्या शर्यतीत होती. दोन्ही वेळा तिची ६१ नंबरची गाडी त्या हळू फेरीत रेषेवरून जात होती, तेव्हाच हे झालं. मला तिच्या जिवाची भीती वाटते. तिच्याशी माझी ओळखसुद्धा नाही, तरी वाटते.

नंतर ती स्वतःच जिना चढून वर आली. नमस्कारादाखल किया ओरा म्हणाली, आणि विचारलं, २०१४ साली इथे कोण बसायचं? मी म्हटलं, माझे मामा आणि मामी. तेव्हाचे कागद असतील का, हा तिचा पुढचा प्रश्न. मागच्या कंटेनरमध्ये जुनी खोकी आहेत. शोधून देऊ का? तुमच्या परवानगीशिवाय हात लावणार नाही.

शुभंकर

*

रिकार्टन
गुरुवार, २० नोव्हेंबर

शुभंकर,

खोक्यांना हात लावू नकोस. उंदरांनी खाल्ली असतील. टेसचा बाप डीन मॅकआर्डल शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. चौकशी झाली, कागद पाहिले गेले, विषय मिटला. तिच्या आईला तेव्हाही समजावून सांगितलं होतं.

तू ते स्टूल सोड. तुझ्या प्रकृतीला ते काम झेपत नाही. माझ्या नावावर मिळालं होतं, माझ्याच नावावर सोड. यावर पुन्हा लिहू नकोस.

राजाराम

*

लोअर हट
सोमवार, ८ डिसेंबर

ती. मामा,

तुमचं ऐकलं नाही. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. चार वेळा कच्चं लिहून मग इथे उतरवलं.

खोकी उंदरांनी खाल्लेली नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारीतल्या त्या दिवसाचे नऊ कागद मिळाले. आठ कागद खऱ्या कागदांसारखे आहेत. ट्रॅकची लाल माती, अंगठ्याचे डाग, खोडाखोड, आणि फेऱ्या वाढतील तसं तिरपं होत गेलेलं अक्षर. मीही दर वेळी तसंच लिहितो. नववा कागद, डीन मॅकआर्डलच्या शर्यतीचा, स्वच्छ आहे. पहिल्या फेरीतला १७ आणि अकराव्या फेरीतला १७ एकसारखे आहेत. डाग एकही नाही. खाली लिहिणाऱ्याची सही आहे, तुमची. आठही कागदांवर सांगणाऱ्याच्या जागी मामींची सही आहे. या एकावर ती जागा कोरी आहे.

मी काही म्हणत नाही. तुमच्यामुळे मला काम मिळालं हे मी विसरणार नाही. फक्त विचारतो.

विचारायचं कारण काल घडलं. पुन्हा बारा फेऱ्या, पुन्हा टेस. या वेळी मी पेन टोपण लावून इशिताच्या हातात दिलं होतं. झेंडा पडला, गाड्या हळू फिरायला लागल्या, टेस रेषेवर आली. आवाज म्हणाला, "अहो, अडतीस."

मामा, मी चोवीस वर्षांचा आहे. मला कोणी अहो म्हणत नाही. ते माझ्यासाठी नव्हतं. माझ्या जागेवर जो बसलेला असेल असं तिला वाटतं, त्याच्यासाठी होतं.

कागदावर ३८ होतं. पेन इशिताच्या मुठीत होतं. तिने कागद बघितला, पेन बघितलं, आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. "आपण खाली जाऊ या," एवढंच मराठीत म्हणाली.

टेसला काय सांगू? तिला पुढे बोलावतंय कोणीतरी, असं वाटतं. समितीने तिला ३८ दिला तर काय होईल याचा विचार करून मला झोप येत नाही. मी स्टूल सोडलेलं नाही. मी सोडलं तर तिथे जो बसेल त्याला मराठी येणार नाही, आणि मग ती काय सांगते आहे ते कोणालाच कळणार नाही.

शुभंकर

*

रिकार्टन
शनिवार, ३ जानेवारी २०२६

चि. शुभंकर,

चार आठवडे उत्तर दिलं नाही. मुग्धाला वाटलं, मला डिप्रेशन आलं आहे. तिने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी व्हिटॅमिन दिलं.

आता वाच, आणि मध्येच थांबू नकोस.

शर्यत बारा फेऱ्यांची होती. सातव्या फेरीत दोन गाड्या भिंतीपाशी गुंतल्या, मातीचा लोट उठला. आपण मान वर करायची नसते. मी केली. तेवढ्यात दमयंती पुढच्या फेरीचे नंबर सांगू लागली होती. मला वाटलं, मागचेच पुन्हा सांगते आहे. दोन नंबर लिहिले होते, ते खोडले आणि ती फेरी सोडली. तिथून माझा कागद एका फेरीने मागे राहिला.

डीन सगळ्यांच्या पुढे होता. तो रेषेवरून गेला तेव्हा दमयंती म्हणाली, "अहो, बारा झाल्या. हात वर करा." मी हात वर केला की झेंडेवाला झेंडा टाकतो, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, "अकरा झाल्यात. हा कागद बघ." ती पुन्हा म्हणाली, "बारा झाल्या." झेंडेवाला माझ्याकडे बघत होता. मी त्याला एक बोट दाखवलं. अजून एक.

डीन तेराव्या फेरीला गेला आणि दुसऱ्या वळणावर संपला. जी फेरी कोणी धावायचीच नव्हती त्या फेरीत.

घरी येऊन मी कागद पाहिला. खोडलेले ते दोन नंबर कोणालाही सगळं सांगून गेले असते. मी स्वच्छ प्रत केली आणि मूळ कागद शेगडीत जाळला. दमयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी सही करणार नाही," म्हणाली. त्यानंतर ती मानुका बेंडला आली नाही. आमचं बोलणं चालू होतं, भाजी, वीजबिल, मुग्धाची परीक्षा. यावर मात्र नाही. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी ती माझा उजवा हात धरून वर उचलायचा प्रयत्न करत होती. नर्सला वाटलं, मला उठून बसायला सांगते आहे.

डीनची बायको लॉरेन आणि मुलगी कठड्याशी उभ्या राहून दोघी मोठ्याने फेऱ्या मोजत होत्या. लॉरेनने समितीला सांगितलं की तेरावी चालू होती. समितीने तिला माझा कागद दाखवला. ती ओरडली. लोक म्हणाले, दुःखाने डोकं फिरलं बाईचं. मी तिथेच होतो. मी तिला पाणी आणून दिलं.

टेसला घेऊ नका म्हणून तुला जी कारणं लिहिली, ती सगळी खोटी. अरुंद ट्रॅक वगैरे. मला तिचं तोंड बघायचं नव्हतं. आता तुझी पत्रं वाचल्यापासून मलाही तीच एक भीती आहे, तुला आहे ती.

सोबत बंद पाकीट आहे, लॉरेनच्या नावाचं. वर जे लिहिलं तेच इंग्रजीत आहे. स्पर्धेच्या आधी देऊ नकोस. ते डोक्यात घेऊन ती पोर चाकामागे बसायला नको. १ तारखेला ती गाडीतून धडपणे उतरली, की त्याच मिनिटाला दे.

आणि शुभंकर, तुझ्या शेजारचं माणूस काही म्हणालं, तर कागदाकडे बघू नकोस.

राजाराममामा

*

लोअर हट
सोमवार, २ फेब्रुवारी

ती. मामा,

टेस घरी पोचली. हे आधी लिहितो, म्हणजे तुम्ही पुढचं सावकाश वाचाल.

समितीने तिला ३८ दिला होता. पांढऱ्यावर काळा, नवा रंगवलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिप्सच्या गाडीपुढचे ते आजोबा रडत होते आणि बायकोला सांगत होते, कांद्यामुळे. या ट्रॅकवर कांदा कोणी कापत नाही.

सकाळी मातीवर पाणी मारणाऱ्या ट्रकने मशीनची वायर तोडली. सेक्रेटरी वर येऊन म्हणाले, "आज तुझा कागद हाच निकाल. चालेल ना, स्वीट ॲज?" मी मान हलवली. माझा घाम टेबलावर पडला तो इशिताने बाहीने पुसला.

संघांची शर्यत सहा फेऱ्यांची असते. ज्यांची गाडी आधी पोचेल तो संघ जिंकतो. आतापर्यंत ३८ नंबर कागदावर आला की मला कळायचं, हा इथला नाही. काल खरा ३८ समोर पळत होता. इशिता "थर्टी-एट" म्हणाली की डावीकडून "अडतीस" यायचं. कधी आधी, कधी नंतर. चौथ्या फेरीत मला माझी बोटं कोणासाठी लिहितात तेच कळेना.

पाचवी फेरी पुरी होत होती. समोरच्यांची गाडी टेसच्या एक हात पुढे होती. आपला अडवणारा दुसऱ्या वळणावर त्यांची वाट बघत थांबला होता. शेवटच्या फेरीत तो त्यांना भिंतीला लावणार आणि टेस आतून निघणार, हे सगळ्या ट्रॅकला दिसत होतं. माणसं बाकांवर चढली होती. इशिता म्हणाली, "फाइव्ह. वन टू गो." माझ्या कागदावरही पाचच रकाने भरले होते.

डावीकडून आवाज आला. "अहो, झाल्या. हात वर करा."

मी म्हटलं, "पाचच झाल्यात, मामी." मोठ्याने म्हटलं. इशिताने ऐकलं.

"हात वर करा हो."

तो "हो" मी कसा लिहून दाखवू? बारा वर्षं तेच एक वाक्य धरून बसलेल्या माणसाचा होता तो. मी कागदाकडे बघितलं नाही. हात वर केला.

झेंडा पडला. टेस दुसऱ्या वळणावरून हळू गेली. त्या भिंतीपाशी काही घडलं नाही. वेकाज एका हाताने हरले.

पुढे जे ओरडणं झालं ते तुम्हाला ऐकू आलं नसतं हे बरंच. नंतर गाडी उघडून पाहिली, तर चाक, स्टिअरिंग, सगळं ठीक होतं. सहावी फेरी झाली असती तर काय झालं असतं, ते मला कधीच कळणार नाही. मी टेसला वाचवलं की नुसतं हरवलं, हेही नाही.

सेक्रेटरी वर आले. धापा टाकत दार लावलं आणि म्हणाले, "ऐक. सहावा रकाना भरून टाक. सहा झाल्या म्हणू. नाहीतर क्लबचं हसं होईल आणि तुझंही." त्यांचा आवाज दयाळू होता. तुम्हाला तर तेव्हा कोणी सांगायचीही गरज पडली नव्हती. मी पाच रकान्यांखाली सही केली. शेजारी इशिताने केली. तिने नाव मराठीत लिहिलं, वेलांटी चुकवली, मी सांगितल्यावर सुधारली. मग मी सेक्रेटरींना स्टूल परत दिलं. त्यांनी घेतलं.

खाली टेस बॉनेटवर बसली होती, हेल्मेट मांडीवर. मी सॉरी म्हटलं. ती रागावली नाही. हात का वर केलास, असं तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

लॉरेन शेजारीच उभी होती. मी तिला पाकीट दिलं. तिने उभ्यानेच वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. टेसच्या हातात दिलं. मला वाटलं आता ओरडेल. तिने फक्त तुमचा पत्ता विचारला. मी दिला. बुधवारच्या बोटीने पिक्टनला उतरून गाडी चालवत ती तुमच्याकडे येणार आहे. हे पत्र बहुधा तिच्यानंतर पोचेल. म्हणून तुम्हाला सावध करता येत नाही, आणि करायला हवं का, तेही मला ठरवता आलं नाही.

तुमचा,
शुभंकर

*

रिकार्टन
रविवार, ८ फेब्रुवारी

चि. शुभंकर,

तुझं पत्र काल मिळालं. ती गुरुवारी सकाळी येऊन गेली.

मुग्धा कामावर होती. दार उघडलं तर लॉरेन. केस पांढरे झाले आहेत. मी बहिरा आहे हे तिला माहीत नव्हतं. मी कानाकडे बोट दाखवलं आणि टेबलावर मुग्धाची वही ठेवली. ती बसली. चहा नको म्हणाली. मग मी केला तो प्यायली.

मला वाटलं होतं, ती विचारेल की का केलंत. उत्तर तयार करून ठेवलं होतं. पाठ केलं होतं. तिने ते विचारलंच नाही. समितीसमोर येऊन हेच सांगाल का, असं लिहिलं. मी हो लिहिलं. ७ मार्चला सभा आहे. मुग्धा मला घेऊन येईल. तिला मी सगळं सांगितलं आहे, ती माझ्याशी बोलत नाही. बोलली तरी मला काय ऐकू येणार, पण तोंड उघडत नाही हे दिसतं.

लॉरेनने वही पुढ्यात ओढली. मग म्हणाली, म्हणजे लिहिलं, की अजून एक गोष्ट विचारायची आहे आणि तुम्ही मला वेडी म्हणू नका, ते एकदा म्हणून झालं आहे. दोन वर्षांपासून तिच्या स्वयंपाकघरात एक बाई बोलते. रोज नाही. लॉरेन भांडी धूत असते तेव्हा, मागून. रागावून नाही, धीराने, पुन्हा पुन्हा तेच. कोणती भाषा आहे ते तिला माहीत नाही. शेजारच्या सामोअन बाईला विचारलं, ती म्हणाली आमची नाही. ते ऐकून ऐकून लॉरेनला पाठ झालं आहे. रविवारी तू मनोऱ्यावर कोणाशी तरी बोललास ते इशिताने तिला सांगितलं, तेव्हा तिला वाटलं, या घरी विचारावं.

तिने इंग्रजी अक्षरांत एकेक करून ते लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली.

अहो बारा झाल्या.

खाली लिहिलं, याचा अर्थ काय?

तिने पेन माझ्या बोटांत नीट धरवून दिलं. मग मी लिहिलं, याचा अर्थ, तू बरोबर मोजलं होतंस.

राजाराममामा